टिकलीशिवायचं झाकण

१९९९ साल. मला अठ्ठावन्न पुरी झाली होती आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतीत माझ्याएवढा पत्रा आखणारा दुसरा माणूस नव्हता. हे मीच सांगतोय, कारण सांगायला आता दुसरं कुणी उरलेलं नाही. माझी शाळा सायखेड्याला चौथीपर्यंत. त्यापुढचं सगळं पत्र्यावर शिकलो.

पत्रा आखणं म्हणजे काय, ते आधी सांगतो. टाकी गोल असते, पत्रा सपाट असतो. टाकी उलगडून पत्र्यावर कशी पसरेल ते आधी डोळ्यांपुढं आणायचं, मग खडू, सुई, कंपास आणि गुण्या घेऊन तेवढंच आखायचं. कापणाऱ्यानं माझ्या रेघेवरून कापलं, वाकवणाऱ्यानं वाकवलं, वेल्डिंगवाल्यानं जोडलं, की टाकी उभी. रेघ चुकली तर पुढच्या तिघांची मेहनत पाण्यात. म्हणून शेठ सगळ्यांना नावानं हाक मारायचा आणि मला 'मिस्तरी' म्हणायचा. माझं टेबल शेडच्या मधोमध होतं. जाड लोखंडी पाटाचं, दोन खाटा मावतील एवढं. त्यावर दुसऱ्या कुणी डबा ठेवलेला मला चालत नसे.

माझ्या कामाच्या दोन गोष्टी सांगायला पाहिजेत. नाहीतर पुढचं कळायचं नाही.

पहिली चष्म्याची. माझा चष्मा कायम कपाळावर असायचा. बोल्टचं भोक रेघेपासून वीतभर लांब असेल तर मोजायचं कशाला? नुसत्या नजरेनं कळतं, ते रेघेच्या अलीकडं आहे का पलीकडं. पण भोक आणि रेघ अगदी केसाच्या अंतरावर आली, की मी हात थांबवायचो, चष्मा खाली ओढायचो, रेघेवर बारीक तार ताणून धरायचो आणि सुईच्या टोकानं बघायचो. दिवसात शंभर वेळा नजर आणि तीन-चार वेळा चष्मा. म्हणून काम झपाट्यानंही व्हायचं आणि चुकायचंही नाही.

दुसरी टिकलीची. टाकीचं निमुळतं झाकण आठ पाकळ्यांचं असतं. आठ त्रिकोणी पाकळ्या, सगळ्यांची टोकं मधे एका ठिकाणी. कागदावर ती टोकं छान जुळतात. पत्र्यावर कधीच जुळत नाहीत. सात जुळतात, आठवं रुसतं. म्हणून आम्ही आठही टोकं बोटभर आखूड कापायचो आणि मधल्या भोकावर एक गोल चकती बसवून वेल्ड मारायचो. तिला टिकली म्हणायचो. नकाशावर ती कुठंच दाखवलेली नसायची. ती आमच्या हातात असायची.

मला एकच मुलगी. ती मला नाना म्हणते. लहानपणी सुट्टीत डबा घेऊन यायची आणि टेबलाखाली बसून पडलेल्या चकत्या गोळा करायची. पुढं ती इंजिनिअर झाली. मी तिला शिकवलं, हे लोकांना सांगताना माझी छाती फुगायची. पण ती काय शिकली ते मला कधी नीट कळलं नाही आणि मी कधी विचारलंही नाही. गंगापूर रोडला एका दुकानाच्या वर चार-पाच जणांचं ऑफिस होतं, तिथं ती लागली. पत्रा कापायच्या मशीनला लागणारा प्रोग्रॅम ते लिहीत होते. कुठली पाकळी पत्र्यावर कुठं बसवायची, कापणारी ज्योत कुठून कुठं फिरवायची, हे सगळं कॉम्प्युटर ठरवणार. म्हणजे मी जे करत होतो तेच.

त्याच वर्षी आमच्या शेठनं तसली मशीन आणली आणि माझ्याच मुलीच्या ऑफिसाला प्रोग्रॅम दाखवायला बोलावलं. मला म्हणाला, "मिस्तरी, घरचंच माणूस आहे, अजून काय पाहिजे? हे जमलं की तुमचं टेबल काढू आणि तिथं कॉम्प्युटर ठेवू. तुम्ही आरामात खुर्चीत बसा."

खुर्चीत बसून मी काय करणार ते त्यानं सांगितलं नाही.

त्याच्या आदल्या रविवारी सकाळी ती घरी कॉम्प्युटरपुढं बसली होती. फोनवर ऑफिसातल्या कुणाशी बोलत होती. मी दाराशी पायातलं काढत होतो. ती म्हणाली, "वडील करतात ना मार्किंग, पण ते सगळं हातानं. सवयीनं. त्यात लॉजिक असं काही नसतं."

मी चपला परत पायात घातल्या आणि बाहेर जाऊन उभा राहिलो. लॉजिक शब्दाचा अर्थ मला ठाऊक होता. शाळा कमी म्हणून माणूस बहिरा नसतो.

दुपारी जेवण झाल्यावर ती माझ्याजवळ आली. तिच्या हातात कागद होता, त्यावर रेघा आणि ठिपके.

"नाना, एक विचारू? ठिपका रेघेच्या अगदी जवळ आला ना, की आमचा प्रोग्रॅम गोंधळतो. कधी म्हणतो अलीकडं, कधी म्हणतो पलीकडं. तुम्ही कसं ठरवता?"

चष्मा माझ्या कपाळावरच होता. तारेची गोष्ट सांगायला मला किती वेळ लागला असता? पानाला चुना लावायला लागतो तेवढा. मी म्हणालो, "अनुभवानं."

"म्हणजे कसं?"

"सवयीनं गं. त्यात लॉजिक नसतं."

तिनं माझ्याकडं पाहिलं. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. कागद घडी करून ती आत गेली. स्वयंपाकघरातून आमची मंडळी म्हणाली, "लय मोठं काम केलंत. पोरीचं नाक ठेचलं. आता जेवण गोड लागंल तुम्हाला."

तरी तिथवरचं मी विसरलो असतो. माणूस रागात बोलतो. पण बुधवारी जे झालं ते रागाचं नव्हतं. ते मी दोन दिवस विचार करून केलं.

बुधवारी ती तिच्या साहेबाबरोबर शेडमध्ये आली. केस घट्ट बांधलेले, अंगावर नवा ड्रेस. सगळे भोवती गोळा झाले. शेठ खुशीत होता. म्हणाला, "ड्रॉइंग मिस्तरींनीच द्यायचं. बापानंच परीक्षा घ्यायची, म्हणजे पास झाली तर कुणी वशिला म्हणायला नको!" सगळे हसले. तीही हसली. तिला वाटलं असेल, नाना काहीतरी सोपं देतील. चौकोनी पेटी, फार तर नरसाळं.

मी खिशातून कागद काढला. निफाडकडच्या एका टाकीचं आठ पाकळ्यांचं झाकण. आठही टोकं थेट मधल्या एका ठिपक्यावर आणलेली. टिकलीला जागा नाही.

तिनं कागद बराच वेळ पाहिला. बोट मधल्या ठिपक्यावर ठेवलं आणि विचारलं, "नाना, हे तुम्ही असंच कापता? आठही टोकं इथंच येतात?"

मी म्हणालो, "हो."

एवढंच. आयुष्यात मी बऱ्याच थापा मारल्या. लग्न जमताना वयाची मारली, शेठला आजारपणाच्या मारल्या. त्यातली एकही आता मला आठवत नाही, त्रास देत नाही. ह्या एका अक्षराचं तसं झालं नाही.

तिनं मापं भरली. पडद्यावर पाकळ्या उमटल्या, फुलासारख्या. कॉम्प्युटर मधेच अडकला, ती कपाळ पुसत बसली. मग चालू झाला. मशीननं नव्या कोऱ्या स्टेनलेसच्या पत्र्यावर कापायला सुरुवात केली. तीन पाकळ्या सुरेख निघाल्या. चौथीला ज्योत मधल्या ठिपक्याजवळ आली, घुटमळली आणि उलटी फिरून आधी कापलेल्या पाकळीतून आरपार गेली. मशीनवाल्यानं धावत जाऊन लाल बटण दाबलं.

पत्रा बाद. शेडमध्ये जळक्या धातूचा वास.

शेठ काही वाईट माणूस नव्हता, पण समोर बाद पत्रा दिसला की त्याची जीभ सुटायची. "ताई, हे खेळणं घरी ठेवा," तो म्हणाला. "आमचे मिस्तरी चौथी पास आहेत, पण पत्रा वाया घालवत नाहीत." आणि सगळ्यांसमोर त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. त्या थापेसाठी मी आयुष्यभर काम केलं होतं. ती माझ्या पाठीवर पडली तेव्हा मुलगी फ्लॉपी एकेक करून डबीत भरत होती. तिनं मान वर केली नाही. मला वाटलं, तिला कळलं. नंतर कळलं की तिला काहीच कळलं नव्हतं. तिला एवढंच वाटलं होतं, की जे बाप हातानं करतो ते आपल्याला जमलं नाही.

संध्याकाळी मंडळीला मी सगळं सांगितलं. टिकलीचंही. ती भाकरी थापत होती, थांबली.

"तिला सांगा."

"सांगीन."

"कधी?"

"सांगीन म्हटलं ना."

"मी नाय सांगणार," ती म्हणाली. "ते तुमचं हाय. तुम्हीच उचला."

त्या ऑफिसानं ते काम सोडून दिलं. दोन महिन्यांत मुलगी पुण्याला नोकरीला गेली, तसल्याच प्रोग्रॅमच्या मोठ्या ऑफिसात. जाताना पाया पडली. मी तोंडभर आशीर्वाद दिला आणि बाकीचं गिळलं.

माझं टेबल पुढं दोन वर्षं टिकलं. ती दोन वर्षं मी जिंकलो असं समजत होतो. मग शेठनं बाहेरून दुसरा प्रोग्रॅम आणला, आणि तो चालला, कारण त्याची परीक्षा घ्यायला मला कुणी बोलावलं नाही. टेबलाचा पाट बाहेर काढायला दारातून जाईना. म्हणून त्याच मशीनवर त्याचे चार तुकडे केले. मी बघायला थांबलो. कापणारा म्हणाला, "मिस्तरी, तुम्ही जा घरी, कशाला उगाच." मी म्हणालो, "रेघ सरळ जाते का ते बघतोय." सरळ गेली.

घरी बसल्यावर सांगायला वेळच वेळ होता. ती दिवाळीला यायची, गौरी-गणपतीला यायची. प्रत्येक वेळी मंडळी माझ्याकडं बघायची आणि मी पेपर वाचायचो. २००४ साली मंडळी गेली. आठ दिवस तापाचं निमित्त झालं. दवाखान्यात शेवटच्या दिवशी दुपारी तिनं मला जवळ बोलावलं. मला वाटलं काही मागतेय. ती म्हणाली, "अजून नाय सांगितलं ना?" आणि तोंड भिंतीकडं केलं. ती गेल्यावर ते ठाऊक असलेला मी एकटाच उरलो. मला वाटलं होतं, त्यानं ओझं हलकं होईल. उलटंच झालं. आधी कुणीतरी माझ्याकडं बघणारं होतं.

२००६ साली मुलगी तिच्या आईच्या श्राद्धाला आली. पान वाढून झालं, पाहुणे गेले. ऊन उतरल्यावर ती ओट्यावर बसली आणि मांडीवरचा कॉम्प्युटर उघडून म्हणाली, "नाना, इकडं या. तुम्हाला कधीचं दाखवायचं होतं."

पडद्यावर माझं झाकण होतं. आठ पाकळ्या, आठही टोकं मधल्या ठिपक्यावर. तिनं कसलंतरी बटण दाबलं. पाकळ्या एकेक करून सुटल्या, बाजूला झाल्या, परत जुळल्या. काही अडकलं नाही.

"बघा. आता जमतं."

"कसं काय?" मी विचारलं. पहिल्यांदाच विचारलं.

मग ती सांगत बसली, अगदी लहानपणी सांगायची तशी, हातवारे करत. कॉम्प्युटर आकड्याची शेपटी तोडतो, म्हणाली. एकाला तिनानं भागलं तर शेपटी संपतच नाही, तो आपल्या सोयीनं तोडतो. एरवी त्यानं बिघडत नाही. पण आठ रेघा एका ठिपक्यावर आल्या, की तेवढ्या शेपटीनं टोक रेघेच्या अलीकडं का पलीकडं हेच उलटं होतं. "आणि मग तो स्वतःच्या दोन्ही बोलण्यांवर विश्वास ठेवतो, नाना. एकाच ठिकाणी हो पण आणि नाही पण. मग भरकटतो."

परदेशातल्या काही विद्यापीठांतल्या लोकांनी मिळून हे गणित लिहून ठेवलंय, कुणालाही वापरता येईल असं. त्याला लायब्ररी म्हणतात. रेघ रेघेला कुठं कापते, ठिपका आत का बाहेर, सगळं तयार. गंगापूर रोडच्या ऑफिसात तिनं ते सुचवलं होतं, पण साहेब म्हणाले, शेपटी न तोडता गणित करायला फार वेळ लागतो, आपलं साधंच बरं.

"पण ते वेळ घालवतच नाहीत," ती म्हणाली. "आधी पटकन अंदाजानं बघतात. आणि अंदाज किती चुकू शकतो तेही त्यांना ठाऊक असतं. ठिपका लांब असला तर तिथंच सोडून देतात. अगदीच जवळ आला, शंका आली, तरच पूर्ण गणित करतात. मला हे पहिल्यांदा कळलं ना, तेव्हा मी ऑफिसात एकटीच हसले. म्हटलं, हा तर नानांचा चष्मा! कपाळावरचा. मी टेबलाखाली बसून रोज बघायचे आणि मला कधी कळलं नाही."

मी तांब्या उचलून घोटभर पाणी प्यालो.

"अजून एक गंमत," ती म्हणाली. "आमच्याकडं प्रोग्रॅममध्ये जरा काही बदललं की आधी जुनी अवघड ड्रॉइंग त्याच्यावर चालवून बघायची. सगळ्यात पहिलं हे झाकण. त्या फाइलचं नाव काय ठेवलंय माहितीये? नाना. कुणी घाईत चूक केली की पहिला नाना बोंबलतो. सगळे म्हणतात, आज नाना चिडले वाटतं."

मी हसलो. हसावंच लागलं.

"सुरुवातीला सगळे मला म्हणायचे, असली गोष्ट खरं कोण कापतं, सोडून दे. मी म्हटलं, माझे वडील कापतात. हातानं, खडूनं. मी स्वतः विचारलंय त्यांना." तिनं कॉम्प्युटर मिटला. "वर्ष गेलं त्याच्यात. पण म्हटलं, तुमच्या हाताला जमतं ते मशीनला जमलंच पाहिजे."

तेव्हा सांगायचं होतं. ओट्यावर आम्ही दोघंच होतो. आत तिच्या आईचा फोटो होता, त्याला हार होता. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "थंडी पडायला लागली. आत चल."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची पुण्याची गाडी होती. पुण्याच्या गाड्या थांबतात त्या द्वारका चौकापर्यंत मी रिक्षानं बरोबर गेलो. ती नको नको म्हणत होती, पण बॅग मी धरून ठेवली. सात वाजले असतील. शेवंतीवाल्या बायका पाट्या घेऊन उतरत होत्या. गाडी यायची होती.

मी बॅग खाली ठेवली आणि सदऱ्याच्या खिशातून खडू काढला. खडू मी सकाळीच घेतला होता, देवघराशेजारच्या डब्यातून. फुटपाथच्या फरशीवर उकिडवा बसलो आणि आखायला लागलो. एक पाकळी, दुसरी, तिसरी.

"नाना, काय करताय? लोक बघतायत."

"बघू दे."

आठवी पाकळी आखली. टोकं जुळली नाहीत. मधे हरभऱ्याएवढं भोक राहिलं. ती खाली वाकली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि समजुतीनं म्हणाली, "असू दे. हात थरथरतो आता तुमचा."

"हात नाही," मी म्हणालो. "तेव्हाही जुळत नव्हतं. कधीच जुळलं नाही."

आणि त्या भोकावर मी खडूनं गोल काढला. म्हणालो, "इथं चकती लागते. टिकली. तू लहानपणी गोळा करायचीस त्या. आम्ही टोकं तोडायचो आणि ही बसवायचो. मी तुला टिकलीशिवाय दिलं. मुद्दाम दिलं. तू विचारलंस तेव्हा मी हो म्हणालो, ते खोटं होतं."

खांद्यावरचा हात तसाच राहिला. मग निघाला. मी वर बघितलं नाही, मला तिच्या चपला दिसत होत्या.

"आईला माहीत होतं?" तिनं विचारलं.

"हो."

गाडी आली. कंडक्टर दारात उभा राहून शिवाजीनगर, शिवाजीनगर ओरडत होता. तिनं बॅग उचलली. मी गुडघ्यावर हात टेकून उठायला लागलो, तर तिनं दंडाला धरून मला उभं केलं, नीट उभं राहीपर्यंत धरलं आणि सोडलं. पाया पडली नाही.

"रिक्षानं जा," ती म्हणाली. "चालत जाऊ नका."

ती पलीकडच्या बाजूच्या खिडकीशी बसली, रस्त्याकडं तोंड करून. गाडी गेली. शेवंतीवाली एक बाई तिची पाटी माझ्या झाकणावर ठेवायला लागली, तशी मी तिला म्हणालो, "बाई, जरा थांबा." आणि परत खाली बसून सदऱ्याच्या बाहीनं ते पुसलं. मग चालतच घरी गेलो.